तेलातला पूर

शेणखताने भरलेली बकेट जमिनीपासून हातभर उचलली गेली आणि तिथंच अडली. मी लिव्हर ओढून धरला, इंजिनाचा वेग वाढवला. पुढच्या बाजूने, रेडिएटरच्या खालून, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. बकेट थरथरली, पण वर गेली नाही. सकाळी हीच बकेट ट्रॉलीच्या फाळक्यावरून सहज पलीकडे झुकत होती. ऊन तापलं, तेल तापलं आणि तिच्यातलं बळ ओसरलं.

मे महिना संपत आला होता. पश्चिमेला वळवाचे ढग जमत होते आणि शेतात अजून बारा ट्रॉल्या खत पडायचं होतं. आप्पा बांधावर उभे होते. ते म्हणाले, “दमला बिचारा.” आमच्या घरात या ट्रॅक्टरबद्दल असंच बोललं जातं. तो बिघडत नाही, दमतो.

शिरोळ तालुक्यात नदीच्या काठाला आमचं शेत आहे. लोडर नंतर बसवलेला, ट्रॅक्टर त्याच्याही आधीचा. रंग कोणता होता हे आता फक्त बॉनेटच्या आतल्या बाजूला कळतं. पुढं दोन लांब हात, त्यांच्या टोकाला बकेट, हात उचलायला दोन जॅक आणि बकेट झुकवायला दोन. हायड्रोलिक सिलिंडरला आमच्याकडे जॅकच म्हणतात. या सगळ्यांना तेल पुरवणारा पंप मात्र दोन्ही मुठींत मावेल एवढाच. इंजिनाच्या पुढच्या पुलीला कपलिंगने जोडलेला, धुळीने माखलेला. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी निरखून पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्री आले. आप्पांच्या वयाचे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदवारी केलेले. मी पाने मांडून ठेवले होते. त्यांनी एकालाही हात लावला नाही.

“लेकरा, बकेट रिकामी कर. आता गार हाय तवर वर उचल. अर्ध्यावर थांबीव आनि इंजिन बंद कर. खाली कुनी जाऊ नगंसा.”

मग ते चहा पीत बसले. पंधरा मिनिटं आम्ही सगळे दुरून त्या अधांतरी बकेटकडे बघत होतो. ती बोटभरही खाली आली नाही.

“जॅक बरं हाईत. लिव्हरचा ब्लॉक बी बरा हाय. आता पंपाकडं वळू.”

मला ही तपासणी फार आवडली. इंजिन बंद असताना बकेट आपोआप खाली बसत असेल, तर पंपाला दोष देता येत नाही, कारण त्या वेळी पंप काही करतच नसतो. तेल जॅकच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटत असतं. उलट बकेट जागेवर थांबते, पण तापल्यावर वर चढत नाही, तेव्हा संशय पंपावर जातो. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात पुढं जाण्याऐवजी आतल्या आतच मागं परततं. मिस्त्रींनी तरीही रिलीफ व्हॉल्व्ह तपासला, टाकीतली जाळी बाहेर काढली, ओढीचा पाइप दाबून पाहिला. हा पाइप आतून चिंबला किंवा त्याच्या जोडातून हवा ओढली जाऊ लागली, तर नवाकोरा पंपही खडे हलवल्यासारखा ओरडतो. कमी दाबाच्या बाजूला तेलात बुडबुडे होतात, जास्त दाबाच्या बाजूला ते फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा कण घेऊन जातो. पाइप बरा होता. जाळीवर मात्र तपकिरी चिखलाचा थर होता. मिस्त्रींनी तो बोटांवर चोळला, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पुरात किती दिस हुता ह्यो?”

ऑगस्ट २०१९. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही जनावरं हलवली, माणसं हलवली, आजीचा औषधांचा डबा घेतला. ट्रॅक्टर अंगणातच राहिला. परतलो तेव्हा त्याच्या सीटवर गाळाचा गुळगुळीत थर होता आणि स्टिअरिंगला कुणाच्या तरी परसातला दोडक्याचा वेल गुंडाळलेला होता. पहिली धाव इंजिनाकडे घेतली. त्यातलं तेल काढलं, डिझेलने धुतलं, पुन्हा भरलं. हायड्रोलिकची टाकीही रिकामी करून नवं तेल ओतलं. आठवड्याभरात ते ताकासारखं पांढुरकं झालं. पण तेव्हा थांबायला कुणाला सवड होती! गल्लीगल्लीत गाळ होता. कुजलेली ज्वारीची पोती, फुगलेली दारं, शाळेची मोडलेली बाकं, भिजून दगड झालेल्या गाद्या, सगळं या बकेटने उचलून गावाबाहेर टाकलं. तीन आठवडे तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालला. पांढुरक्या तेलावरच चालला.

टाकी रिकामी केली म्हणजे तेल बदललं, असं आम्हाला वाटलं होतं. चारी जॅक आणि त्यांना जोडणारे पाइप यांच्या पोटात राहिलेलं तेल आम्ही काढलंच नव्हतं. पूर गावातून ओसरला आणि थोडा तिथं राहिला. त्याने गंज धरवला. गंजाचे कण पंपात फिरले, पंपाच्या झिजेचे कण पुन्हा तेलात मिसळले. एवढी वर्षं तो पंप गाळ दळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप उतरवायला घेतला. बकेट जमिनीवर टेकवलेली, इंजिन बंद. मिस्त्रींनी दोन्ही लिव्हर चार-पाच वेळा मागंपुढं केले. पाइपांत अडकलेला दाब आधी असा मोकळा करावा लागतो. मग मी उजेडात एका जोडाखाली ओलसर दिसलं म्हणून सहज बोट पुढं केलं, तर त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की पाना खाली पडला.

“आत्ता बंद हाय म्हनून ठीक हाय. पन ही सवयच नगं.”

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी वाकत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. कारण त्या दिवशी कळलं. चालू मशीनच्या पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नव्हती. त्यांनी गळती चाचपायला बोट फिरवलं आणि धार कातडीतून आत गेली. वर फक्त मुंगी चावल्याएवढी खूण. दुखलंही नाही फारसं, म्हणून ते दिवसभर काम करत राहिले. रात्री हात टरारून सुजला. अशा वेळी जखम किती लहान दिसते याला काही अर्थ नसतो. आत गेलेलं तेल मांस मारत जातं आणि शस्त्रक्रिया करून ते काढायला जितका उशीर, तितकं बोट जायची भीती मोठी. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून फिरवायचा. धार असेल तर ती पुठ्ठ्यावर उमटते.

पंप टेबलावर आला. बाहेरून डिझेलने स्वच्छ केला, बोल्ट काढले, मागचं झाकण उघडलं. आत फक्त दोन दातेरी चाकं, एकमेकांत दात रुतवून बसलेली. एक शाफ्टवर फिरणारं, दुसरं त्याच्या मागोमाग. तेल या दोघांच्या मधून जात असेल, असा माझा समज होता. मिस्त्रींनी शाफ्ट हाताने फिरवून दाखवला. मधली वाट बंदच असते, तिथं दाताला दात भिडलेला. तेल दातांच्या खाचांत बसतं आणि कडेकडेने, भिंतीला धरून, प्रदक्षिणा घालून पलीकडे पोचतं. ग्रहांच्या कक्षांचा हिशेब मांडणाऱ्या योहानेस केप्लरनेही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खाणीतलं पाणी उपसण्यासाठी अशाच चाकांचा पंप योजला होता. आमच्या ओसरीवर डिझेलच्या वासात ती चाकं हातात घेताना मला ते आठवलं. आकाशातलं फिरणं इतकं जवळून पाहणाऱ्याच्या मनात हे फिरणं आलं, यात मला नवल वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढं ढकलतो. समोर ओझं असेल तेवढाच दाब उभा राहतो. रिकामी बकेट उचलताना तेल निवांत असतं. खताने भरलेली बकेट आली की तेच तेल ताठ होतं. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने मांडलं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. आमच्या जॅकचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे आतल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला १४० किलो दाब मिळाला, तर एकेक जॅक सहा टनांच्या जोराने ढकलतो. हातांच्या लांबीत त्यातला बराच जोर खर्च होतो. तरीही मुठीएवढ्या डबीतून हे सगळं निघतं.

लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तो कुलपं बनवणारा. त्याच्या प्रेसमध्ये दट्ट्याभोवतीची गळती थांबेना. ती थांबली चामड्याच्या वाटीसारख्या कड्याने. दाब वाढेल तसं ते कडं आपोआप घट्ट बसायचं. ही युक्ती त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेची मानली जाते. आप्पांना हे सांगितलं तर ते मोटेवर आले. त्यांच्या वडिलांची मोट चामड्याचीच होती. ती मऊ राहावी म्हणून तिला तेल पाजावं लागे, नाहीतर चामडं तडकून अर्धं पाणी विहिरीतच परतायचं. “चामडं सुकलं की बैल फुकट दमायचा,” आप्पा म्हणाले. झिजलेल्या पंपाचं वर्णन मी याहून नेमकं ऐकलेलं नाही.

चाकं काढल्यावर मिस्त्रींनी डबीच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवलं. ओढीच्या बाजूला नख अडकत होतं. दाबाच्या बाजूचं तेल चाकांना सतत ओढीच्या बाजूला रेटत असतं, त्यामुळे ती भिंत आधी खरवडली जाते. निरोगी पंपात चाक आणि भिंत यांच्यात केसाच्या जाडीइतकंही अंतर नसतं. आमच्या पंपात नांगराच्या तासांसारख्या रेघा होत्या.

सील किट काहीशे रुपयांत मिळतं. मला मोह झाला. ऑईल सील, ओ-रिंगा बदलू, बसवू, पावसाच्या आत खत तरी टाकून होईल. मिस्त्रींनी मान हलवली. बाहेरची गळती सीलने थांबते. आतल्या भिंतीला पडलेल्या चरीतून तेल परत फिरतं, त्याला सील काय करणार? फक्त शाफ्टमधून तेल पाझरत असेल आणि डबी, बुश, चाकं गुळगुळीत असतील, तर किट टाकावं. डबीला नख अडलं की पंप नवा घ्यावा. त्यांचं हे मत मला पटलं आणि आजही तेच माझं मत आहे.

नवा पंप आणायला उद्यमनगरात गेलो, तेव्हा जुना पिशवीत घालून नेला. शाफ्टची जाडी, की बसायची खाच, बोल्टांचं अंतर, दर फेऱ्याला किती तेल ढकलतो तो आकडा, हे सगळं जुळवावं लागतं. त्याहून महत्त्वाची फिरण्याची दिशा. डावा पंप उजव्याच्या जागी बसतो, बाहेरून सारखाच दिसतो. पण उलटा फिरला की दाब शाफ्टच्या सीलमागं चढतो आणि पहिल्याच क्षणी सील उडतं. अंगावरचा बाण वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी आलो तर मिस्त्रींनी नव्या पंपाचं खोकंच उघडू दिलं नाही. आधी तेल.

टाकीतून तीस लिटर निघालं. मग जॅकच्या पिना काढल्या, होज सोडले आणि एकेक दांडा आम्ही हाताने आत-बाहेर ढकलला. पहिल्या जॅकमधून आधी तपकिरी पाणी आलं. तेल नव्हे, पाणी. त्याला नदीच्या गाळाचा तोच वास होता, जो त्या ऑगस्टमध्ये भिंतींना, कपड्यांना, भांड्यांना होता. आप्पा जवळ आले, घमेल्यात वाकून बघितलं आणि काही न बोलता ओसरीवर जाऊन बसले. चार जॅक आणि पाइप मिळून सात लिटर भरलं.

टाकी आतून पुसायला मी जुना टॉवेल आणला होता, तोही परत नेला. त्याचे धागे सुटून जाळीत बसतात. न विस्कटणारं सुती कापड वापरलं. स्वस्त तेल भरून सारे पाइप आणि जॅक एकदा धुऊन काढले, ते तेल ओतून दिलं, फिल्टर बदलला, मग अडुसष्ट नंबरचं नवं तेल भरलं. कपलिंग शाफ्टवर हातोडीने ठोकलं नाही, सरकवलं. पंपाच्या ओढीच्या तोंडात आधीच तेल ओतलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा घासला जाणार नाही. इंजिन मंद गतीवर ठेवून पाच मिनिटं लिव्हरना हात लावला नाही. नंतर हळूहळू, रिकामी बकेट, थोडी वर, थोडी खाली. हवा निघताना टाकीत फेस आला आणि विरला. बकेट जमिनीवर टेकवून पातळी पाहिली आणि उणं होतं तेवढं तेल घातलं.

खडे वाजले नाहीत. रोहिणी लागल्या होत्या. बारा ट्रॉल्या खत तीन दिवसांत शेतात पडलं, भर दुपारीही.

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात बुडालेला ट्रॅक्टर, लोडर तुमच्या दारात उभा असेल, तर एक करा. काचेच्या बाटलीत त्याचं हायड्रोलिक तेल काढा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तेल पांढुरकं दिसलं किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर नवा पंप आणण्याआधी चारी जॅक रिकामे करा.