अतिप्रदान

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही सेवानिवृत्त झालो. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे कारकुनी केली. त्यांतली बरीचशी आस्थापना शाखेत, इतरांची सेवापुस्तके लिहिण्यात गेली. निवृत्तीच्या तोंडावर आमचे स्वतःचे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून परत आले, ते आक्षेप घेऊनच. आम्ही दुसऱ्या शाखेत असताना, २०१० साली, कोणीतरी आमची वेतननिश्चिती करताना एक वेतनवाढ जादा धरली होती. अकरा वर्षांत १,८६,४०० रुपयांचे अतिप्रदान झाले असून ते उपदानातून वसूल करावे, असा आदेश निघाला.

हा पैसा आम्ही कधी वेगळा पाहिलाच नव्हता. तो किराण्यात, औषधांत आणि मुलीच्या शिक्षणात केव्हाच जिरून गेला होता. आम्ही कचेरीत गेलो. आमच्याच खुर्चीवर बसलेला तरुण नम्रपणे म्हणाला, "काका, चूक कुणाची का असेना, पैसा सरकारचा आहे."

आम्ही निरुत्तर झालो, कारण हे वाक्य आमचेच होते.

१९९८ साली एका शिपायाच्या उपदानातून ११,३४० रुपये कापण्याची टिप्पणी आम्ही लिहिली होती. टेबलाशी उभा राहून त्याने विचारले होते, "भाऊसाहेब, यात माझी काय चूक झाली?" तेव्हा मान वरदेखील न करता आम्ही हेच उत्तर दिले होते.

घरी आल्यावर मनात द्वंद्व सुरू झाले. जो पैसा आपला नव्हे तो ठेवून घेणे ही चोरी तर नव्हे? जक्कयाने चौपट परत केले होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या सौ. शांतपणे म्हणाल्या, "जक्कयाने फसवून घेतलं होतं. तुम्ही कुणाला फसवलंत?" प्रश्न साधा होता. पुढे न्यायालयाचे निर्णय वाचले, तेव्हा तेथेही बरेचसे याच प्रश्नावर अवलंबून असल्याचे दिसले.

पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी नियम घालून दिले. कर्मचाऱ्याचा दोष नसताना जादा वेतन दिले गेले असेल, तर तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून वा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जादा वेतनाची वसुली करता येत नाही. त्याला मर्यादाही आहे. जादा रक्कम परत करीन असे लेखी वचन दिलेल्या एका न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली करण्यास २०१६ साली त्याच न्यायालयाने मुभा दिली, मात्र ती दोन वर्षांच्या हप्त्यांनी. म्हणून हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे. या वेतननिश्चितीसाठी आम्ही तसे काही लिहून दिले नव्हते.

आम्ही सेवापुस्तकाची प्रत मागितली, हिशेबाचा तक्ता मागितला आणि निर्णयाचा आधार देऊन अर्ज केला. पाच महिन्यांनी वसुलीचा आदेश रद्द झाला. निवृत्तिवेतन मात्र दुरुस्त वेतनावर बसले व थोडे कमी झाले. ते न्याय्यच होते. चूक उमगल्यावर ती पुढे चालू ठेवण्याचा हक्क आम्हांस नव्हता.

पण वाचता वाचता आणखी एक निर्णय हाती लागला होता. हरियाणातील साहिब राम नावाच्या ग्रंथपालाला प्राचार्यांच्या चुकीमुळे वरची वेतनश्रेणी मिळाली होती. त्यांनी काही खोटे सांगितले नव्हते, म्हणून दिलेले वेतन परत घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. निर्णयाचे साल होते १९९४. म्हणजे आम्ही त्या शिपायाची टिप्पणी लिहिली, तेव्हा त्याला आधार मिळू शकला असता. आम्ही तो शोधलाच नव्हता.

पत्ता काढीत आम्ही शहराच्या पूर्व भागात गेलो. मागांची खडखड चालू होती. तो शिपाई वारला होता. त्याची पत्नी मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. आम्ही नाव सांगितले, आलो ते कारण सांगितले आणि सोबत आणलेले पाकीट पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही.

"पैशाचं काय, गेले ते गेले," त्या म्हणाल्या. "पण लोक म्हणायचे, सरकारचे पैसे खाल्ले म्हणून कापले. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. शेवटपर्यंत विचारायचे, माझी काय चूक झाली?"

"त्यांची काहीच चूक नव्हती, मावशी," आम्ही म्हणालो. "चूक कचेरीची होती. आणि माझीही."

त्यांनी हातातले पान सुपात ठेवले आणि आत हाक मारून थोरल्या मुलाला बाहेर बोलावले. "हे भाऊसाहेब काय म्हणतात ते ऐक," त्या म्हणाल्या. आम्ही तेच वाक्य त्याच्यासमोर पुन्हा उच्चारले. तेवीस वर्षांपूर्वी मान वर करून ते बोलावयास आम्हांस एक क्षणही लागला नसता.