चाळीस पत्रिका

आमच्या इब्रामपुरात घरात कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात, आणि मुलांचे पुढचे ठरवायची वेळ आली की पत्रिका उघडतात. २०२५ च्या मे महिन्यात एक पालक माझ्यासमोर बसले होते. मुलगी दहावीला गणितात वर्गात पहिली. वडील म्हणाले, "सर, तिच्या पत्रिकेंत सायन्स ना."

मी लगेच काही बोललो नाही. चाळीस वर्षांपूर्वी असेच वाक्य माझ्या वडिलांनी ऐकून घेतले होते. भौतिकशास्त्राचे वेड असलेला मुलगा मग मराठी घेऊन एम. ए. झाला. मराठीने मला पुष्कळ दिले, तिच्याविषयी तक्रार नाही. पण ते दार कुणी लावले, हे विसरता येत नाही.

त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात जयंत नारळीकर गेले. 'आयुका'चे संचालकपद त्यांनी २००३ साली सोडले होते. आपल्याकडे निवृत्ताला शाल-श्रीफळ देऊन झोपाळ्यावर बसवतात. (माझाही झोपाळा आता फार लांब नाही.) नारळीकर मात्र त्याच संस्थेत शिकवीत, लिहीत, संशोधन करीत राहिले. महास्फोटाच्या सिद्धांताशी त्यांचे अखेरपर्यंत जुळले नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

विश्वाची समीकरणे मांडणाऱ्या या माणसाने सत्तरीच्या घरात असताना नरेंद्र दाभोलकर आदींना बरोबर घेऊन एक साधी चाचणी केली. १०० हुशार मुलांच्या आणि बौद्धिक वाढ खुंटलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या ४० पाठवल्या. प्रश्न एकच : यांतली हुशार मुले कोणती? उत्तरे २७ जणांनी धाडली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नुसते नाणे उडवले तरी ५० टक्के येतात! सर्वांत पुढे असलेल्या ज्योतिषाची ४० पैकी २४ बरोबर होती. २००९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

तेव्हापासून दहावीच्या वर्गात मी दरवर्षी प्रत्येक मुलाला चाळीस वेळा नाणे उडवायला लावतो. छापा किती, काटा किती, कागदावर मांडायचे. मुले गोंगाट करतात, शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहतात. मुलीच्या वर्गाचा कागद माझ्या खणात होता. तो वडिलांपुढे ठेवला. एका मुलाचे २५ छापे पडले होते.

"हा मुलगा त्या सगळ्या ज्योतिषांच्या पुढे गेला," मी म्हणालो. "तुमची मुलगी त्याच्या शेजारीच बसत होती."

ते हसले नाहीत. बराच वेळ कागद पाहत राहिले. मग माझी गोष्ट मी त्यांना सांगितली. इतक्या वर्षांत ती शाळेत कुणाला सांगितली नव्हती.

मुलगी आज सायन्सला आहे. प्रवेश-अर्जावर वडिलांनी सही केली ती मात्र गुरुवारी, पंचांगात वेळ पाहूनच.