खिंडीच्या अलीकडून

म्युनिक, ४ मे

ती. मामांस,
सा. न.

फोनवर तुम्ही विचारलंत, "शिखर झालं का?" मी नाही म्हटल्यावर लगेच विषय बदललात, मला वाईट वाटू नये म्हणून. वाईट वाटलेलं नाही. पण त्या दिवशी जे घडलं ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझी फळी. स्नोबोर्ड तुम्ही टीव्हीवर पाहिलाय. स्प्लिटबोर्ड म्हणजे तोच, फक्त मधोमध उभा चिरलेला. चढताना दोन पायांत दोन फळ्या, उतरताना जोडून एक. चढणीसाठी तळाला लवदार पट्ट्या चिकटवायच्या. पूर्वी त्या सीलच्या कातडीच्या असत, आता मोहेर किंवा नायलॉनच्या असतात. लव एकाच दिशेला बसलेली असते, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवलात की कळेल. कडक बर्फावर आडवं चालताना मात्र ही फळी फार छळते.

गाल्ट्युर हे ऑस्ट्रियातलं गाव १५८४ मीटरवर आहे. तिथून यामटालच्या दरीने चढत २१६५ मीटरवरच्या हटमध्ये मुक्काम. आम्ही पाच जण आणि एक गाइड. ओक्सनशार्टे ही खिंड ओलांडायची आणि पलीकडून पिट्स बुइन गाठायचं, ३३१२ मीटर, असा बेत होता. मॅटरहॉर्नवर माणूस पहिल्यांदा पोचला त्याच दिवशी, १४ जुलै १८६५ला, बुइनवरही पोचला. हे वाचल्यापासून ते शिखर माझ्या डोक्यात होतं.

वसंतात सगळं रात्रीवर अवलंबून. आकाश मोकळं असलं तर दिवसा वितळलेलं बर्फ रात्री उष्णता सोडून गोठतं. पहाटे त्यावर खडखडीत चालता येतं. ऊन चढलं की वरचा बोटभर थर मऊ होतो आणि तासाभराची उघडीप मिळाल्यासारखं होतं, तेव्हाच उतरायचं. नंतर पाणी आत मुरतं आणि अख्खा उतार सुटू शकतो. मंगळवारी तो तास आम्हाला मिळाला. साईवरून चमचा फिरावा तशी फळी वळत होती. मामा, त्या उतारावर मी मोठ्याने ओरडले, आणि मला काही त्याची लाज वाटली नाही.

त्या रात्री फ्योन सुटला, आल्प्स ओलांडून येणारा दक्षिणेचा गरम वारा. वर मळभाची गोधडी. पहाटे चारला गाइडने दाराबाहेर बर्फात काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. "झोपा," एवढंच म्हणाला. गुरुवारी आणि शुक्रवारी नवं बर्फ पडत राहिलं. आम्ही हटच्या मागे बीकन पुरून शोधायचा सराव केला. प्रत्येकाच्या छातीवर हे यंत्र असतं, ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारं. पुरलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर आशा असते, पुढे ती झपाट्याने घटते. पहिल्या खेपेला मला चौदा मिनिटं लागली.

गाल्ट्युरला हा हिशेब माहीत आहे. २३ फेब्रुवारी १९९९ला तिथे हिमलोट घरांवर आला, ३१ माणसं गेली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला यामटालमध्येच नऊ जण गेले, आणि त्यांच्याबरोबर अनुभवी गाइड होते. आमच्या गाइडने हे पहिल्याच रात्री सांगितलं आणि मग नियम सांगितला: कोणीही, केव्हाही, "मला बरं वाटत नाही" म्हणालं की सगळे थांबतील. कारण विचारायचं नाही.

शनिवारी आकाश लख्ख. खिंड समोर दिसत होती, फार तर दोनशे मीटर चढ उरला होता. वाऱ्याने वरच्या उतारावर ताजं बर्फ साचवलं होतं. गाइड थांबून बघत होता. तेवढ्यात आमच्यातली सर्वांत गप्प, सर्वांत नवखी मुलगी म्हणाली, "मला बरं वाटत नाही." त्याने मान हलवली आणि फळीच्या पट्ट्या सोडायला बसला. कोणी उसासासुद्धा टाकला नाही.

तो उतार सुटला असता का? ते आम्हाला कधीच कळणार नाही. परतणाऱ्याला पुरावा मिळत नाही. पुढे जाऊन वाचलेल्याला मात्र तो लगेच मिळतो, आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो.

आता मुख्य गोष्ट. पाचनईच्या वाटेवरचा तो ओढा तुम्हाला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वीचा जुलै, गढूळ पाणी मांडीपर्यंत, आपण अठरा जण. तुम्ही दोर लावलात आणि सगळे पार झालो. पलीकडे टाळ्या वाजल्या. पाणी चढतंय हे मला अलीकडच्या काठावर दिसत होतं, आणि मी गप्प बसले. तुमच्यापुढे भित्री ठरायचं नव्हतं. मी एकटीच गप्प होते असं मला वाटत नाही. डोंगर वाचायला तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून तुम्हाला हे लिहायला आठवडा लागला. तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. तो बरोबर होता की नाही हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, आणि तरी त्या दिवसापासून आपण सगळे त्या ओढ्याला "सोपा" म्हणतो.

जूनच्या पहिल्या ट्रेकला, पायथ्याच्या चहाच्या वेळी, हा नियम तुम्ही सांगा. मी सांगितला तर मुलं ऐकून घेतील. तुम्ही सांगितलात तर पाळतील. मामींना नमस्कार.

तुमची भाची