सावरीवरचा ड्रोन

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. चेणे

काटेसावरीला सध्या पान नाही, नुसती लाल फुलं आहेत, म्हणून तरी तो दिसतो. साठेक फुटांवर, बाजूला गेलेल्या फांदीच्या बेचक्यात भाच्याचा ड्रोन अडकला आहे. प्री-वेडिंगचं काम होतं. नवरानवरी नदीच्या पात्रात उभी, मागे डोंगर. चेण्याची नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येते आणि घोडबंदर रस्त्याखालून वसईच्या खाडीला मिळते. वर उद्यानात ड्रोन न्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते. म्हणून भाचा आमच्या वाडीच्या बाजूलाच उडवत होता, पण वळणापलीकडे गेल्यावर सिग्नल तुटला.

सिग्नल तुटला की हे यंत्र आपणहून माघारी फिरतं. आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतं आणि तिथून सरळ रेषेत, उडवलं त्या जागी येतं. भाच्याने २५ मीटर उंची लावली होती. ती मोजली जाते उडवल्या जागेपासून, म्हणजे पात्रापासून. सावर उभी आहे वरच्या काठावर, पात्राहून सहासात मीटर उंच. पंचवीसातून सात गेले की राहिले अठरा, आणि अठरा मीटरवर नेमकी ती फांदी. या लहान ड्रोनला खालचं दिसतं, समोरचं दिसत नाही.

भाचा जेवला नाही. यंत्राचे हप्ते अजून चालू आहेत. शिवाय कार्डात एका लग्नघराचं काम आहे आणि ती जोडी पुन्हा येणार नाही. नवरा मुलगा सोमवारच्या विमानाने चालला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून सल्ले. दगड मारा. फांदी तोडा. अग्निशमन दलाला बोलवा. क्रेनवाल्याचा नंबर देऊ का? वाडीत भेंडीचं पाणी सोडायचं होतं, ते दुपारपर्यंत राहिलं.

फांदी तोडायचा विचार मी तिथेच मोडून काढला. चेणे महापालिकेत आहे. झाडाच्या फांदीलाही १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतं. कायदा नसता तरी मी तोडू दिली नसती. या दिवसांत आसपासच्या झाडांत एवढा मध या एकाच झाडावर असतो. बुलबुल, साळुंक्या, पोपट, कावळे, खारी, सकाळी सात वाजता कोण नसतं तिथे! खाली पडलेली फुलं खायला गुरं येतात.

दुर्बीण घेतली ती ड्रोन नीट पाहायला, आणि दिसलं दुसरंच. खोडाच्या पलीकडच्या अंगाला, ड्रोनच्या थोडं वर, जाड आडव्या फांदीखाली आग्यामोहोळ. हात-दीड हात रुंदीचं एकच पोळं, वरून माश्यांचा काळपट पडदा. मी बघत असताना एक गांधीलमाशी जवळून गेली. तशी त्या पडद्यावरून लाट सरकली: एका कडेच्या माश्यांनी पोट वर उचललं, मग त्यांच्या शेजारच्यांनी, मग त्यांच्या, असं थेट दुसऱ्या टोकापर्यंत, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. गांधीलमाशी गेली, पडदा पुन्हा स्थिर. हे त्यांचं जवळ येऊ नका सांगणं. एवढ्यावर न ऐकणाऱ्याला मग नांगी. आणि एक नांगी बसली की तिच्या वासावर बाकीच्या येतात. माणूस पळाला तरी दूरवर पाठ सोडत नाहीत.

दगड मारायचा विषय संपला. बेचकी घेऊन आलेल्या दोन पोरांना मी स्वतः रस्त्यापर्यंत सोडून आले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ड्रोन मोबाइलवरून हाक मारली की पिपाणीसारखा वाजायचा. कालपासून गप्प आहे, बॅटरी संपली. एका परीने बरं झालं, मोहोळाच्या शेजारी ते वाजणं नकोच होतं.

भाच्याने परदेशातल्या झाडांवर काम करणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. शिशाच्या छऱ्यांची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून फांदीवरून पलीकडे फेकतात. तिच्या मागून जाड दोर ओढतात आणि फांदी हलवून वस्तू खाली पाडतात. पद्धत चोख आहे. उत्तनला मासेमारीचं तंगूस आणि शिसं मिळतं, तेव्हा साहित्यासाठी कुठे लांब जायला नको. पण ही फांदी हलवली तर खोड हलेल, आणि खोडाच्या त्या बाजूला काय आहे ते आम्ही पाहिलं आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आहे. फेब्रुवारीत! दुपारी रस्त्यावरचे कंटेनरसुद्धा मंदावल्यासारखे वाटतात. सागाची पानं गळून खाली वीतभर थर झाला आहे, पाय ठेवला की चुरा.

मला त्या बॅटरीची काळजी लागली आहे. लिथियमची बॅटरी उंचावरून आपटून फुटली, आत काटा गेला, तर ती पेटू शकते. संपलेली असली तरी धोका पुरता जात नाही. खाली ही पानं. पलीकडे डोंगर, आणि डोंगराला वणवा लागायचे हेच दिवस. तेव्हा ड्रोन पाडायचा नाही, उतरवायचा.

संध्याकाळी पाड्यावरचे काका आले. ताडावर चढणारे, आमच्या नारळांनाही तेच लागतात. वारली घरातले, वय साठीला टेकलं असेल. आल्या आल्या ड्रोनकडे त्यांनी पाहिलंच नाही. आधी सावरीभोवती एक फेरी मारली, मग शेजारच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी थांबून वर पाहिलं. वारा कुठून येतो ते विचारलं. मग कमरेची आकडी कोयत्यासकट काढून बाजूला ठेवली आणि बांधावर बसले.

"सावरीवर चढायचा नाय," ते म्हणाले. "काटे हायत ते हायत, पण मोहोळ हाय. उतरायला वाट एकच."

मग जांभूळ का नाही, भाच्याने विचारलं. जांभूळ सावरीला अगदी लागून आहे, फांद्याही खालपासून. काकांनी एक वाळकी फांदी उचलली आणि दोन बोटांनी मोडली. जांभळाचं लाकूड दगा देतं. शिवाय वर पानं शिवून ओंबिलांनी घरं केली आहेत, मला ती दिसलीच नव्हती. ओंबील डोळ्याला चावली तर हात सुटतो.

राहिला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल, बुंधा सरळ, पहिली फांदी तीसेक फुटांवर. मला तो चढायच्या लायकीचा वाटला नसता. काकांनी त्यालाच निवडलं. ऐन चिवट, माणसाला धरून ठेवतो. तिथून ड्रोन बारा-पंधरा हात आणि मोहोळ खोडाच्या आड.

"मशीन किती वजनाची?"

भाच्याने सांगितलं, २४९ ग्रॅम. एका चांगल्या हापूस आंब्याएवढी.

"मग झेला घ्या," काका म्हणाले.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

काका खाडीपलीकडे तुंगारेश्वरला गेले. रस्ता दिवसभर भरलेला. भाच्याने मांडवातल्या दोन बांबूंना सुतळीचे आवळ घालून एक लांब काठी केली, टोकाला आमचा आंब्याचा झेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. अमावास्या

आज एक वेगळाच माणूस आला, ओळखीच्याच्या ओळखीचा. म्हणे आज अवस आहे, रात्री चूड पेटवून मोहोळ उठवतो. मध माझा, यंत्र तुमचं, पैसे नकोत. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. आग्या माशी चांदण्यात उडते, म्हणून मध काढणारे अंधारी रात्र धरतात. त्याला पोटासाठी मध हवा, त्यात काही गैर नाही. पण या पानांच्या थरावर चूड?

काकांना विचारलं. ते म्हणाले, पोळ्यात आत्ता पिल्लं आहेत, मध कमीच निघेल, आणि निघाला तरी एका मशीनपायी घर उठवायचं कशाला. मी त्या माणसाला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मग आमचं पैशाचं बोलणं झालं. हे आधी व्हायला हवं, असं माझं मत आहे. झाडावरून उतरलेल्या माणसाच्या हातावर चारचौघांत काहीतरी टेकवायचं आणि त्याने 'असू द्या ताई' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत मला अजिबात पटत नाही. हजार रुपये ठरले. ड्रोन हाती लागो न लागो, चढण्याचे. वर गेल्यावर त्यांना वाटलं की परत फिरावं, तर त्यांनी फिरायचं आणि खालच्या कोणी एक शब्द बोलायचा नाही, हेही ठरलं. भाचा लगेच हो म्हणाला.

दोरावरून मात्र वाद झाला. काका पायात दोराचा फास घालून चढतात, कमरेला काही बांधत नाहीत. दुसरा दोर पायात येतो, म्हणतात. मी हटून बसले. शेवटी म्हणाले, "दोर माज्यासाठी नको. तुमच्या जिवाला बरा वाटत असंल तं बांधा."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेसहाला सगळे झाडाखाली. गारव्यात माश्या सुस्त असतात, ऊन पोळ्यावर यायच्या आत उतरायचं. काकांच्या अटी: अत्तर नको, विडी नको, मोबाइलचा उजेड वर मारायचा नाही, ओरडायचं नाही. बोलायचं झालं तर दोराला हिसका. एक म्हणजे ढील द्या, दोन म्हणजे धरा.

पानं झाडून बुंध्याभोवती माती मोकळी केली. सावरीखाली चौघांनी गोधडी ताणली, चुकून काही सटकलं तर. रेतीची घमेली बाजूला.

काका ऐनाला हात लावून पाया पडले आणि चढले. तळवे खोडाला चिकटलेले, फास ताणलेला, आधी हात वर, मग दोन्ही पाय एकदम. घाई नाही, पण मध्ये थांबणंही नाही. पहिल्या फांदीवर बसले तेव्हाच त्यांनी श्वास घेतलेला मला दिसला. तिथे कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून ओवून टोक खाली सोडलं. ते आम्ही खाली आंब्याच्या बुंध्याला वळसा घालून धरलं. काका आणखी पंधरा फूट वर गेले.

मग काठी. सुतळीने वर ओढून घेतली, मांडीखाली दाबली आणि हळूहळू पुढे सरकवली. इतक्या लांब काठीचं टोक आपल्या मनासारखं राहत नाही, ते वाऱ्याच्या मनासारखं डुलतं. झेल्याची कडी ड्रोनला लागली आणि ड्रोन हलला. खाली कोणीतरी 'अगं' म्हणालं. मी दुर्बीण पोळ्याकडे वळवली. पडद्यावरून एक लाट गेली. काकांनी काठी जागच्या जागी धरली, बराच वेळ. हात थरथरत होते ते खालून दिसत होतं. लाट पुन्हा आली नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी झेला ड्रोनच्या खालून नेला. आंबा काढताना देठाला जसा पीळ देतात तसा मनगटाने एक पीळ दिला. ड्रोनचा एक पाय सावरीच्या काट्यात गुंतला होता. तो उलट्या बाजूने फिरवून सोडवला. मग आपल्या अंगावर ओढायच्या ऐवजी झेला तसाच सरळ वर उचलला, हातभर. ड्रोन जाळीत बसला. पातं मोडल्याचा बारीक आवाज आला, बस्स.

काठी सुतळीने खाली आली. भाचा धावला, मी त्याला धरलं. काका अजून वर होते. ते जमिनीवर टेकले, पायातला फास सोडला, कपाळ पुसलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, जा आता.

१ मार्च, शनिवार

एक पातं गेलं, कॅमेऱ्याची मान ढिली झाली आहे. कार्ड शाबूत. मुलगामुलगी, नदी, डोंगर, सगळं आहे. शेवटी सिग्नल तुटल्यानंतरचंही थोडं आहे: चेणे पूल, पलीकडे खाडीची चमक, आणि मग एकदम लाल फुलं. बॅटरी थोडी फुगली होती. ती अंगणात मातीच्या मडक्यात रेतीत पुरून ठेवली आहे, ई-कचऱ्यात द्यायची. भाच्याने परत येण्याची उंची वाढवली आणि यापुढे उडवण्याआधी आजूबाजूचं सगळ्यात उंच झाड बघून ठरवणार म्हणाला.

रात्री त्याच्याबरोबर नियम वाचत बसले. २०२१चे ड्रोन नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याला विम्याची सक्ती नाही. त्याहून मोठ्याला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा हवाच. म्हणजे ड्रोन कोणाच्या डोक्यावर पडला तर काय, याचा विचार झालेला आहे. ड्रोनसाठी चढलेला माणूस पडला तर? काकांच्या ओळखीत ताडावरून पडलेले आहेत. त्यातल्या एकाचं कंबरेखालचं अंग गेलं. त्यांनी हे बांधावर बसून, भाकरी खाताना सांगितलं, विचारल्यावर.

नारळाच्या बाबतीत काही तरी झालं आहे. नारळ विकास मंडळाने २०११ साली नारळावर चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू केलं, यंत्राने चढायला शिकवलं, आणि त्यांच्यासाठी अपघात विम्याची योजनाही आहे. काका आमच्या नारळांवर वर्षानुवर्षं चढतात. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही ते शोधायचं सुचलं ते एक यंत्र अडकल्यावर. त्यांचं नाव तिथे बसतं का, अर्ज कुठे करायचा, ते भाचा बघतो आहे. आधारकार्डावर जन्मसाल चुकीचं पडलं आहे, तिथून सुरुवात.

आणि पट्टा. इमारतीला बाहेरून रंग देणारे घालतात तसला, खांद्यावरून मांड्यांपर्यंतचा. काका आधी नको म्हणाले. मग दोन्ही हात मोकळे राहतात का, वजन किती, ताडाला घासून तुटणार नाही ना, असं बारकाईने विचारत राहिले. अंगाला नीट बसला पाहिजे, म्हणून त्यांनाच बरोबर नेऊन घ्यायचा. सोमवारी सकाळच्या बसने ठाण्याला जाणार आहोत. ताडीचा हंगाम चालू आहे, ते रोज चढतात.