श्वासाची चाहूल

श्वास चालू असतो तोवर त्याची आठवण कुणालाच नसते. भूक वेळेवर हाक मारते, झोप डोळ्यांवर येऊन बसते; श्वास मात्र अडल्यावाचून बोलत नाही. त्यातून फुप्फुसाचा जुनाट आजार इतका सावकाश येतो, की माणसाला तो उमगतही नाही. आधी जिना सुटतो, मग मंडई सुटते, शेवटी अंगणसुद्धा लांब वाटू लागते. माझ्या मावशीने जन्मात विडी ओढली नाही. तिने ओढला तो चुलीचा धूर. तिला वाटे, हे वयच आहे!

अशा माणसांची खबर डॉक्टरांना घरबसल्या कळावी म्हणून आता यंत्रे निघाली आहेत. त्यांतला बोटाला लावायचा चिमटा, ऑक्सिमीटर, कोरोनापासून घरोघरी ठाऊक झाला. त्यामागची युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडली. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त प्रकाश सारखा शोषीत नाहीत. चिमटा बोटातून प्रकाश सोडतो आणि नाडीच्या ठोक्यांवरून हिशेब करतो. हा आकडा रोज इस्पितळात पोचला, म्हणजे प्रश्न मिटला असे कुणालाही वाटेल.

तसे झाले नाही. स्कॉटलंडमधील लोदियन भागात २५६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाची हकीकत २०१३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या घरी यंत्र होते. रोजची लक्षणे आणि प्राणवायूचा आकडा त्यावरून वैद्यकीय पथकाकडे जाई. उरलेल्यांना नेहमीचे उपचार होते. इस्पितळात दाखल होण्यापूर्वीचे दिवस मोजले, तर यंत्रवाल्यांचे ३६२ आणि इतरांचे ३६१!

मला यात यंत्राची हार दिसत नाही. आकडा कळणे आणि माणूस कळणे यांतले अंतर दिसते. निरोगी माणसाचा आकडा ९५च्या वर असतो. पण या आजाराच्या कित्येक रुग्णांना प्राणवायू देताना डॉक्टर ८८ ते ९२ एवढाच राखतात. निरोग्याच्या मापाने घंटा लावली तर ती रात्रभर वाजेल, आणि सदा वाजणारी घंटा कुणी ऐकत नाही. शिवाय २०२०च्या एका अमेरिकी पाहणीत दिसले, की प्राणवायू उतरलेला असूनही चिमट्याने तो ठीक दाखवण्याचा प्रकार गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होता. आपल्याकडे रापलेल्या हातांची काय वाण! यंत्र त्या बोटांवर पारखून घ्यायला नको का?

मावशीच्या धाकट्या जावेला आकडा लागत नसे. मावशीने बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडले, की ती म्हणे, "आज जाऊबाईंचं लक्षण ठीक नाही, डॉक्टरांना बोलवा." तिला मावशीचे रोजचे माहीत होते. यंत्र घडवणाऱ्यांनी आधी हे 'रोजचे' शिकून घ्यावे. "त्रास एक ते पाचपैकी किती?" असे न विचारता "आज भाकरी थापताना दम लागला का?" असे विचारावे. आणि उत्तर वाईट आले, तर त्याच दिवशी फोन करणारे माणूस पलीकडे असावे.

आपल्या भाषेत पाळत चोरावर ठेवतात. आजाऱ्याकडे लक्ष देतात. या दिवाळीत फटाक्यांचा धूर जिन्यात कोंडेल, तेव्हा शेजारच्या आजोबांचे दार जरा वाजवून पाहा. ते बोलताना मध्येच थांबतात का, एवढे ऐका.