अर्धशिशी : होय किंवा नाही

अर्धशिशी या शब्दातील अर्ध आणि शीर्ष ही दोन्ही पदे विद्यार्थ्यांना सहज ओळखता येतात. ‘मायग्रेन’ हा शब्दही मुळात ग्रीक ‘हेमिक्रानिया’, म्हणजे अर्धी कवटी, यावरूनच फ्रेंचमार्गे आला. एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांनी एका दुखण्याला एकच नाव द्यावे याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु व्यवहारात या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे आमच्या मुलीने वैमानिक व्हायचे ठरवले तेव्हा कळले.

आम्ही दोघेही सोलापुरात मराठी शिकवतो. मुलगी बारावीला, विज्ञान शाखेत आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची कथा शहरात सर्वांना पाठ आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षे वाद झाला, मोर्चे निघाले, न्यायालयात खेटे झाले, आणि जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली. ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले. ते एटीआर जातीचे लहानसे विमान मुलगी आता नुसत्या आवाजावरून ओळखते. चिमणी पाडावी की राखावी यावर आमच्या घरातही एकमत नव्हते. पण तो अडथळा निदान सर्वांना दिसत तरी होता.

अर्धशिशी आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे. आजी तिला कधी अर्धशिशी म्हणाली नाही. ‘पित्त उठलंय’ एवढेच म्हणायची, कपाळावर सुंठीचा लेप लावून अंधाऱ्या खोलीत पडायची, आणि उलटी झाली की ‘पित्त पडलं, आता मोकळं वाटतंय’ म्हणून चुलीपाशी बसायची. उलटी हे त्या झटक्याचेच एक लक्षण असते. आमच्या भाषेने लक्षणाला कारण करून टाकले. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे, तसाच सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जो उपाय घरोघरी सांगतात, त्याचे नाते या सूर्यावर्ताशी असावे असा आमचा आपला तर्क. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो नुसता तर्क वाटत नाही.

ठणकणे, ठसठसणे, डोके उठणे, चढणे, भणभणणे. मराठीत या दुखण्यासाठी इतकी क्रियापदे आहेत की त्यांच्या आश्रयाने एक अख्खा जन्म निदानाशिवाय काढता येतो. आजीने तो काढला. नातीला ते शक्य नाही, कारण तिच्यापुढे अर्ज आहे आणि अर्जात रकाना आहे : वारंवार किंवा तीव्र डोकेदुखी होते काय? होय किंवा नाही. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा? ‘तीव्र’ कोणाच्या मापाने? शब्दार्थाचा काथ्याकूट हा आमचा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे आम्ही तिच्याशी यावर पुष्कळ बोललो. तिने शांतपणे विचारले, ‘बाबा, पण मी खूण कुठे करू?’

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी सूचना काढत आला आहे, तिच्यातील हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांनी आमची झोप उडवली. डॉक्टरकडे जावे लागावे इतपत तीव्र मायग्रेन पूर्वी होऊन गेला असेल, तर ते उमेदवार नाकारण्याचे सर्वसाधारण कारण मानावे. आणि दृष्टीत बिघाड होऊन एकच झटका आलेला असला, तरी प्रवेश बंद. म्हणजे दुखण्याची तीव्रता ठरते ती डॉक्टरची पायरी चढण्यावरून. आजीसारखी जी पडून राहते, ती पात्र. जी उपचार घेते, ती अपात्र. मुलीने हे एका वाचनात ओळखले आणि त्या आठवड्यात मेंदुविकारतज्ज्ञाकडे यायला साफ नकार दिला. ‘आई, मला न्यायचं नाही. कागद होईल.’

सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘कागद होईल’ हे शब्द आम्हांला फार लागले. पण ती एकटी नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वैमानिकांच्या एका पाहणीत, परवाना जाईल या धास्तीने वैद्यकीय मदत टाळल्याचे निम्म्याहून अधिक जणांनी मान्य केले होते.

दुसरी बाजू आम्ही घरातच पाहिली आहे. तिच्या आईला झटक्याआधी डोळ्यांपुढे झगमगत्या नागमोडी कडा दिसतात. मजकूर वाचताना शब्दाचा मधलाच भाग नाहीसा होतो. काळा ठिपका नव्हे, तर तिथे काही होते याची जाणीवच उरत नाही. ह्यूबर्ट एअरी यांनी १८७० साली या आकृतीचे चित्र काढून प्रसिद्ध केले आणि तिला किल्ल्याच्या तटबंदीची उपमा दिली. कार्ल लॅशली यांनी १९४१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यांपुढची ती पसरती कड मोजून हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठावर ही लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर सरकते. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. वर्गात आम्ही तेवढ्यात खुर्चीवर बसून घेतो, मुले कुजबुजतात, तास संपतो. विमान उतरवताना ही वीस मिनिटे कोठून आणायची? मार्च २०१५ मध्ये ‘जर्मनविंग्ज’च्या सहवैमानिकाने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपवून ठेवला आणि आल्प्समध्ये दीडशे माणसे गेली. तो आजार वेगळा होता, हे खरे. लपवण्यामागची भीती मात्र हीच होती.

म्हणून नियम नकोच असे आम्ही म्हणणार नाही. नियमाने खरे बोलणाऱ्याला निदान ऐकून घ्यावे, एवढीच अपेक्षा. अमेरिकेत झटक्यांचे स्वरूप सौम्य असेल आणि ठरलेल्या अटी पुऱ्या होत असतील, तर तपासणारा वैद्यकच प्रमाणपत्र देऊ शकतो. आपल्याकडे मुलकी परवान्यासाठी आधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची तपासणी असते. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च दोन प्राध्यापकांच्या पगारालाही पेलवेल असा नाही. तेव्हा उड्डाणशाळेचे शुल्क भरण्याआधी वर्ग एक पदरात पडलेला बरा.

तज्ज्ञांकडे ती अखेर गेली, स्वतः वेळ घेऊन. आम्ही समजावल्यामुळे गेली असे नाही. सरावपरीक्षेच्या आदल्या रात्री जागरण झाले, दुसऱ्या दिवशी पेपर अर्धा सोडून उठावे लागले, आणि संध्याकाळी ती म्हणाली, ‘हे विमानात झालं असतं तर?’ पुढे आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. डॉक्टरांनी झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितले आणि वही ठेवायला लावली : तारीख, वेळ, बाजू, आदल्या दिवशीची झोप, डोळ्यांपुढे काही दिसले का. ती वही ती मराठीत लिहिते. सात महिन्यांत नऊ नोंदी आहेत, आणि शेवटच्या रकान्यात आतापर्यंत सगळीकडे ‘नाही’ आहे. अर्जात ती ‘होय’वर खूण करणार आहे आणि वहीची प्रत जोडणार आहे. हवाई वाहतूक नियंत्रकालाही वैद्यकीय तपासणी चुकत नाही, हेही तिने शोधून ठेवले आहे. ते आम्ही विचारले नव्हते.

वर्ग दोनची तारीख मिळायची आहे. परवाची नोंद अशी : ‘दुपारी तीन. डावी बाजू. एकादशीचा उपवास. झोप साडेसहा तास. पावणेदोन तासांत थांबले. काही दिसले नाही.’