मातीतच राहिलेली माणसं

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना नेहमी सांगायचे, आधी आकृती रंगवा, मागची जागा नंतर. लेकीकडे लंडनला गेले तेव्हा ब्रिटिश म्युझियममधल्या एका ग्रीक भांड्यापुढे हा धडा उलटा झाला. तिथे मागची जागाच तेवढी काळी केलेली. माणसं म्हणजे न रंगवलेली लाल माती!

भांडं अथेन्सचं, इ.स.पूर्व 480 ते 470 च्या सुमाराचं; सापडलं इटलीत, वुल्चीला. गलबताच्या डोलकाठीला ग्रीक कवी होमरच्या काव्यातला ओडिसियस बांधलेला आहे. सायरन म्हणजे बाईचं डोकं असलेले पक्षी, त्यांच्या गाण्याला भुलला तो मेला. म्हणून वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण. याला मात्र ते गाणं ऐकायचंच आहे. मान मागे टाकून तो ऐकतोय. दोन सायरन कड्यांवर बसल्या आहेत, तिसरी डोकं खाली करून कोसळतेय. तिचा डोळा मिटलेला आहे. होमरच्या काव्यात सायरनचं मरण नाही. इथे चित्रकाराने ते दाखवलं, पापणीच्या एवढ्याशा रेघेत. मी तिथून बराच वेळ हलले नाही.

इ.स.पूर्व 530 ते 520 च्या दरम्यान अथेन्सच्या कुंभारांनी मागची जागा काळी करायची ही रीत काढली. त्याआधी आकृत्या काळ्या असायच्या आणि डोळा, बोटं, चुण्या टोकदार हत्याराने कोरायच्या. आता ते सगळं कुंचल्याने आलं आणि रेघ वळायला लागली.

आणि तो काळा म्हणजे वेगळा रंग नव्हेच. तीच माती पाण्यात निवळून घेतलेली, तिचा लेप. लावताना तो काळा नसतोच. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग कोंडून धूर करायचा. मातीतल्या लोहामुळे सगळं भांडं काळं पडतं. शेवटी पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होते. लेप मात्र तोवर काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. म्हणजे चित्रकाराने हे काळं-लाल चित्र काढताना पाहिलेलंच नव्हतं. इतकी वर्षं हातात कुंचला धरला, पण असा भरवसा माझ्या हाताला कधी आला नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गेलात तर जरा वाकून, तिरक्या उजेडात पाहा. काही काळ्या रेघा किंचित उठून आलेल्या दिसतील.